दुधाच्या खाड्यांशेजारी

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर सासूबाई दुधाचे खाडे मांडतात. दूधवाला आला नाही की त्या तारखेला फुली. पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर जास्त घेतलं की कोपऱ्यात बारीकसं 'अर्धा'. महिनाअखेरी दूधवाला दारात उभा राहिला की त्यांचा एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे झोपणाऱ्या आम्हा दोघांना, आपल्या डोक्यावर नेमकं किती कर्ज आहे, हे दीड-दोन वर्षं ठाऊक नव्हतं.

याहून लाजेची गोष्ट म्हणजे हिशेब हाच माझा पोटापाण्याचा धंदा. नागपूरच्या इतवारीत, किराणा ओळीतल्या एका ठोक व्यापाऱ्याकडे मी कामाला आहे. कोणत्या गावच्या दुकानदाराकडे किती येणं आहे, कोणाचे नव्वद दिवस उलटले, कोणाची गाडी भरायची नाही, हे मी मालकांना तोंडपाठ सांगते. पूर्वी लाल कापडी बांधणीच्या चोपड्या होत्या, आता कॉम्प्युटरवर टॅली आहे, एवढाच फरक. दिवसभर लोकांची उधारी लिहायची आणि संध्याकाळी घरी येताना आपल्या उधारीवाल्याचं दुकान टाळायला मागच्या गल्लीतून यायचं, असं माझं चाललं होतं.

ती गल्लीच शेवटी नडली. २०२२ च्या मार्चात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून येत होतो. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. म्हणाला, "आई, आपण आता काकांच्या दुकानासमोरून काऊन नाही जात?" मी म्हटलं, इकडून सावली आहे. संध्याकाळचे सात वाजले होते.

त्या रात्री शाळेची अर्धी कोरी राहिलेली वही घेऊन बसले. ह्यांना म्हटलं, मी विचारते, तुम्ही आकडा सांगा. हे म्हणाले, "लिहून काय होते? द्यायचे तर तेवढेच आहे नं." तरी सांगत गेले. क्रेडिट कार्डाचे ९६,४००. पर्सनल लोनचे राहिलेले १,७८,०००. माझ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण, त्यावर ७०,०००. त्याच पतसंस्थेचं साधं कर्ज ५२,०००. मोबाइल आणि वॉशिंग मशीनचे मिळून १८,६००. ह्यांच्या मामांकडून घेतलेले हातउसने ४०,०००. काकांच्या दुकानाचे ८,१५०. बेरीज मी तीनदा केली. ४,६३,१५०. माझ्या मनात अडीच लाखांचा आकडा होता, ह्यांच्या मनात तीन. आम्ही दोघं एकमेकांना घाबरवायचं नाही म्हणून गप्प होतो, आणि त्या गप्पपणात दीड-दोन लाख आरामात मावले होते.

कर्ज झालं कसं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. हे हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर. २०२० मध्ये पाच महिने अर्धा पगार. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते पुढे ढकलायची सवलत जाहीर केली, ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली, आणि आम्ही ती हप्ते माफ झाल्यासारखी घेतली. हप्ता थांबला होता, व्याज थांबलं नव्हतं. पुढच्या एप्रिलात सासूबाईंना ऑक्सिजन लागला, दवाखान्याचं डिपॉझिट कार्डावर गेलं. त्या घरी आल्या. त्या पैशाबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. पण कार्डावरचे सगळेच पैसे दवाखान्याचे नव्हते, आणि बाकीचे कशाचे होते हे दोघांपैकी कोणालाच सांगता येईना. तेच मला खुपत होतं.

कार्डाचं गणित मात्र सांगायलाच हवं. मी स्वतः ते मांडलं तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. दर महिन्याला 'किमान देय' म्हणून पाच टक्के, म्हणजे ४,८२० रुपये, आम्ही इमानदारीने भरत होतो. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,३७४. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६०७. झाले ३,९८१. उरले ८३९. पावणेपाच हजारांहून जास्त भरून मुद्दल कमी होत होती आठशे एकोणचाळीस रुपयांनी. शिवाय थकबाकी असताना कार्डावर नवं काही घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. म्हणजे त्या महिन्यात कार्डावर भरलेलं पेट्रोलही व्याजावर जळत होतं. जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता, एका वेळी मुद्दलीपेक्षा जास्त व्याज सावकाराला वसूल करता येत नसे. आमच्या बोलण्यात दामदुप्पट म्हणजे पैसे दुप्पट करून देणारी योजना. शब्दाने कधी कूस बदलली कोण जाणे.

सगळे हप्ते मिळून महिन्याला १६,५९५ जात. दोघांचे हातात येणारे पगार ४१,०००. घर सासऱ्यांनी बांधलेलं, भाडं नाही. म्हणजे २४,४०५ उरायला हवेत, आणि चार माणसांचं सक्करदऱ्यातलं घर त्यात चालायला हवं. कागदावर चालत होतंच. प्रत्यक्षात दर दोन-तीन महिन्यांनी काहीतरी 'अचानक' यायचं आणि कार्ड बाहेर निघायचं. मी वहीत तो शब्द लिहिलासुद्धा, अचानक खर्च.

सासूबाई शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अचानक म्हणजे कोणता वो?"

मी वाचून दाखवलं. कूलरच्या ताट्या आणि पंप. गहू. शाळेची फी. विम्याचा हप्ता. लग्नाचा आहेर.

त्या हसल्या नाहीत, पण हसल्यासारखंच झालं. "कूलर काय यंदाच लावून राहिली काय तू?"

सासूबाई काटोलकडच्या एका खेड्यातल्या. माहेर कापसाचं. तिथे पगार नावाची गोष्ट नव्हती. कापूस निघायचा, गाडीबैल खरेदी केंद्रावर रांगेत लागायचे आणि मग चुकाऱ्याची वाट. १९७२ पासून आपल्या राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा आणि पैसा टप्प्याटप्प्याने हाती यायचा. "आमच्या वक्ती हप्ते घरात येत," त्या म्हणाल्या, "तुमच्या वक्ती घरातून जाऊन राहिले." मग पुढचं जे बोलल्या ते मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: "तुम्हाले दर महिन्याले पगार येते, म्हणून वाटते का घर बी दर महिन्याले सारखंच खाते. घर काही सारखं खात नाही बाई."

कालनिर्णयाची मागच्या वर्षीची पानं त्या ठेवून देतात, डब्यांखाली घालायला. त्यातलं एक उलटं केलं, पाठीवर बारा चौकटी आखल्या आणि त्या सांगत गेल्या तसं मी भरत गेले. मार्चात कूलर खाली काढा, घासा, ताट्या बदला, पंप जळलेला निघतोच, १,८००. एप्रिलात वर्षाचं धान्य, १४,०००. वैशाखातली लग्नं आणि वर्षभरातले बाकीचे आहेर, ८,०००. जूनच्या शेवटी शाळा. आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे पुण्याची नणंद फी भरून मोकळी होते तेव्हा आम्हाला वाटत असतं की अजून वेळ आहे. फी, पुस्तकं, गणवेश, बूट मिळून २२,०००. पोळा आणि महालक्ष्म्या ६,०००. दिवाळी १२,०००. विमा ९,६००. गाडीचा विमा २,४००, घरटॅक्स ३,२००. बेरीज ७९,०००. बाराने भागलं की महिन्याचे ६,५८३.

म्हणजे हातात २४,४०५ कधी नव्हतेच. होते १७,८२२. दर महिन्याला आपले नसलेले साडेसहा हजार आम्ही आपले समजून खात होतो आणि मार्च, जून, ऑक्टोबर आले की कार्डाकडून परत आणत होतो, साडेतीन टक्क्यांनी.

घरखर्चाचं बजेट महिन्याचं मांडायचं असतं, असंच सगळीकडे सांगतात. मीही आधी तीनदा मांडलं होतं, तिन्ही वेळा दुसऱ्या महिन्यात मोडलं आणि आपल्यालाच वळण नाही असं वाटून सोडून दिलं. नागपुरात तर महिन्याचं बजेट टिकूच शकत नाही असं माझं मत झालं आहे. आमचा फेब्रुवारी आणि आमचा मे ही दोन वेगळ्या घरांची बिलं असतात. एरवी घरात विजेचं एकशेचाळीसच्या आसपास युनिट पडतं. पारा पंचेचाळीसवर गेला की दोन कूलर दिवसरात्र मिळून चौदा तास तरी चालतात, दोनशे वॉटचा एकेक. महिन्याचे एकशेअडुसष्ट युनिट नुसते कूलरचेच. शेजारच्या काकू तीनशेचा आकडा जवळ आला की धास्तीने कूलर बंद करून भिंतीला पाठ लावून बसायच्या. त्यांना वाटायचं, तीनशेएकावं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं. तसं नसतं. पहिले शंभर पहिल्या दराने, तीनशेपर्यंतचे दुसऱ्या दराने आणि फक्त त्यापुढचे तिसऱ्या. बिलाच्या मागे छापलेलं असतं. त्यांना ते दाखवल्यावर त्या मेमध्ये त्यांनी कूलर लावून झोप काढली, हे या सगळ्या हिशेबातलं माझं पहिलं पुण्य.

आता कर्ज फेडायचं कोणतं आधी? गणित सांगतं, ज्याचं व्याज जास्त ते. मी गणित मोडलं. त्याच महिन्यात भिशी लागली, बारा बायकांचे हजार-हजार. त्यातून आधी काकांचे ८,१५० देऊन आले, ज्यावर एक पैशाचं व्याज नव्हतं. उरलेले ३,८५० घरात न ठेवता वर्षाच्या खर्चाचं वेगळं खातं उघडलं. काकांनी चोपडीत आमच्या पानावर आडवी रेघ मारली आणि मुलाच्या हातात गोळी ठेवली. हिशेबाच्या दृष्टीने तो मूर्खपणा होता. पण समोरच्या रस्त्याने घरी येताना जे वाटलं, त्याला कोणत्या खात्यात टाकायचं ते मला कळत नाही.

कार्डासाठी गोफ विकला. पावणेदोन तोळ्यांचा, माहेरचा. गहाण ठेवता आला असता, पण एका कर्जाचं दुसरं करायचं नव्हतं. घट वजा जाऊन ८०,००० हाती आले. माझी आई पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. उरलेले १६,४०० चार महिन्यांत संपवले आणि कार्ड कात्रीने कापलं. कापण्याआधी बँकेत अर्ज देऊन बंद करून घेतलं, कारण नुसतं कापलं तर खातं चालूच राहतं आणि वर्षाची फी लागते.

गोफाचं दुखणं अजून संपलेलं नाही. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं तेव्हा बहिणीपासून ऑफिसातल्या दिवाणजींपर्यंत सगळ्यांनी मला भाव ऐकवला. एका रात्री मी कागद घेतला. ८०,००० रुपये कार्डावर तसेच राहिले असते तर महिन्याला २,८०० व्याज, ५०४ जीएसटी, म्हणजे ३,३०४. चाळीस महिन्यांचे १,३२,१६०, तेही चक्रवाढ न धरता. गोफ तेवढ्या काळात दुप्पट झाला असता, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी हजार चढला असता. कागद आईला दाखवला. आई म्हणाली, "ते ठीक आहे, पण गळा मोकळा दिसते." यावर कोणाजवळ काय हिशेब आहे?

२०२२ च्या दिवाळीत एक हप्ता बाउन्स झाला होता. पैसे नव्हते असं नाही. पगार सातला येतो आणि हप्ता पाचला जातो, मधले दोन दिवस आजवर आम्ही कसेतरी ओढत आलो होतो, त्या महिन्यात बोनसच्या गडबडीत लक्ष गेलं नाही. आमच्या बँकेचे ५९०, कर्ज देणाऱ्यांचे ५९०, असे ११८० गेले, आणि रात्री साडेनऊला वसुलीवाल्याचा फोन. बोलण्याची पद्धत अशी की ह्यांचे कान लाल झाले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बजावलं होतं. ते मी त्याला सांगितलं. तो दोन क्षण थांबला आणि म्हणाला, "ठीक है मॅडम, कल करते है." दुसऱ्या दिवशी फोन आला तो सकाळी अकराला. आम्ही अर्ज देऊन हप्त्याची तारीख दहा करून घेतली. एवढी साधी गोष्ट तीन वर्षांत सुचली नव्हती. कालनिर्णयावर तेव्हापासून दुधाच्या फुल्यांशेजारी सातला हिरवी टिकली आणि दहाला लाल.

मोबाइल-मशीनचे हप्ते संपले तशी ती २,३२५ रुपयांची मोकळी झालेली रक्कम पतसंस्थेकडे वळवली, ते कर्ज संपल्यावर तिकडची पर्सनल लोनकडे. यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. महिनेच्या महिने काही घडत नाही, हाच यातला सर्वांत कठीण भाग.

मधल्या काळात आम्ही काटकसरीचा अतिरेकही करून पाहिला. ह्यांचे शनिवारचे तर्री-पोहे बंद केले. आठवड्याला दोघा मित्रांत साठ-सत्तर रुपये. पहिल्या महिन्यात अडीचशे वाचले आणि चार भांडणं झाली. मी पोहे परत चालू केले. चहा-पोहे सोडून कर्जातून निघालेला माणूस मला अजून भेटायचा आहे; वर्षाचं धान्य एप्रिलात ठोक भावाने भरून निघालेले मात्र आम्ही आहोत. गव्हाला एरंडेल चोळायचं, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायचा, तांदूळ एचएमटी. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी हे वाण निवडून काढलं आणि त्या काळी मिरवायच्या घड्याळाचं नाव त्याला दिलं. अर्ध्या विदर्भाचं ताट भरणाऱ्या या माणसाची स्वतःची ओढाताण २०१८ मध्ये ते जाईपर्यंत संपली नाही. पोतं उघडलं की मला दर वर्षी ते आठवतं.

महालक्ष्म्यांचा प्रश्न मला वाटलं तितका अवघड निघाला नाही. आमच्याकडे सोळा भाज्या, आंबील, पुरण आणि चाळीस पानं उठायची. मी घाबरतच विषय काढला. सासूबाईंनी सोळा भाज्यांना हात लावू दिला नाही, पानं मात्र स्वतःच पंधरावर आणली. "देवीले आंबील लागते. चाळीस माणसं आपल्याले लागत होते."

सर्वांत महाग पडले मामांचे बिनव्याजी चाळीस हजार. मामांनी एकदाही मागितले नाहीत. पण प्रत्येक लग्नात त्यांच्या त्याच त्या विनोदांवर आम्ही दोघं जरा जास्तच हसायचो, आणि ते हसू घरी येईपर्यंत गालात दुखायचं. पाच-पाच हजार करून आठ वेळा नेऊन दिले. शेवटच्या वेळी मामा म्हणाले, "एवढी घाई काय होती?" त्या दिवशी त्यांनी तोच जुना विनोद सांगितला आणि हे हसले नाहीत.

मधल्या एका वर्षी पोळ्याच्या पाडव्याला मारबत बघायला गेलो होतो. काळी आणि पिवळी मारबत, मागे बडगे, असे मोठाले पुतळे मिरवत नेतात, आणि सगळा गाव ओरडत असतो, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. गर्दीत कोण काय ओरडतं हे कोणाला कळत नाही. ह्यांनी हप्त्याचं नाव घेऊन, रकमेसकट आरोळी ठोकली. पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाने वळून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, माझे पण जोडा त्याच्यात."

शेवटचा हप्ता २०२५ च्या जुलैत गेला. त्याच आठवड्यात पाटल्या सुटल्या. पतसंस्थेतल्या बाईंनी लाखेचं सील माझ्यासमोर फोडलं, वजन करून दाखवलं. पाटल्या हातात चढेनात. तीन वर्षं आणि चार महिन्यांत मनगटं जाड झाली होती. सासूबाईंनी साबण लावून चढवल्या.

ऑगस्टच्या दहाला हे सकाळी मोबाइल दोनदा बघताना दिसले. पैसे कापल्याचा मेसेज येणार नव्हता. आला तो एका कंपनीचा, तुमच्यासाठी तीन लाखांचं कर्ज मंजूर आहे असं सांगणारा. ह्यांना नवी गाडी हवी आहे. जुनीला चौदा वर्षं झाली, हिंगण्याच्या रस्त्यावर ती दोनदा बंद पडली, हे खरं आहे. त्यावर आमचं रीतसर भांडण झालं. हप्त्यावर घेऊ म्हणाले, मी उठून आत गेले.

दोन दिवसांनी भाजी फोडणीला टाकताना लक्ष गेलं. बारा चौकटींच्या पानावर, आणि त्याला जोडून टाचलेल्या पुढच्या वर्षाच्या पानावर, सप्टेंबरपासून एकेका चौकटीत पेन्सिलने लिहिलेलं होतं: गाडी ५,०००. अक्षर ह्यांचं. इतक्या वर्षांत ह्यांनी त्या पानावर पहिल्यांदा काही लिहिलं होतं. मी मोजल्या, चौदा चौकटी. तेरांत पाच हजारच होते. एका चौकटीत ५,००० खोडून ३,००० केले होते. तो मे महिना होता.